दिवसभराचं सामान

झोकिया म्हणतो, एका दिवसाचं तर जाणं आहे.
उजाडायच्या आत निघायचं,
दिवेलागणीला परत.
आणि पिशवीतून एकेक वस्तू काढून
टेबलावर मांडत जातो,
जागा नाही म्हणून पाहुणे परत पाठवावेत तशी.

मी बोलत नाही. किटली ठेवते.
तो घोरायला लागला
की पाहुण्यांना पुन्हा आत घेते.

आधी काड्या.
चाळीस, मोजून,
गुलांवर मेण चढवून
औषधाच्या जुन्या डबीत घट्ट.
डबीवर अजून सासऱ्यांच्या गोळ्यांचं नाव आहे.
त्या गोळ्यांनी ते वाचले नाहीत,
पण डबी चांगली, पाणी आत जात नाही.

लोकरीच्या मोज्यांचा दुसरा जोड.
ह्यावरून आमचं दरवर्षी वाजतं.
तो म्हणतो, पाय दोनच आहेत.
मी म्हणते, बोटं मोज.
नऊ भरतात.

अकरा वर्षं झाली त्या ऑक्टोबरला.
तेव्हाही एकाच दिवसाचं जाणं होतं,
रानबोकडांच्या मागावर, वरच्या हिमनदीच्या काठानं.
अंधार पडला. एनगुरीचा आवाज तेवढा वाढत गेला.
बुरुजाच्या खिडकीत मी कंदील टांगला
आणि सासूबाई म्हणाल्या,
कड्यावरच्या त्या सोनेरी केसांच्या बाईनं ठेवून घेतला असेल,
देखण्या शिकाऱ्यांना ती ठेवून घेते.
मी म्हटलं, ठेवू दे,
ओल्या मोज्यांनी निजवू नको म्हणावं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आला.
'धुकं होतं,' म्हणाला.
दोन वाडगे सूप प्यायला आणि झोपला.
त्या रात्रीबद्दल नवऱ्याकडून मला मिळालेले शब्द, दोन.

बाकीचं पिशवीनं सांगितलं.
एकवीस काड्या कमी.
मेणबत्तीची उरलेली दोन बोटं.
दोरीची एक गाठ, सोडवलेली नाही, सुरीनं कापलेली;
म्हणजे हात चालत नव्हते.
शिट्टीवर दातांचे वण.
आणि लोकरी घोंगडीच्या आतल्या बाजूला
कुत्रीचे केस, इतके
की दोघं रात्रभर एकच जनावर होऊन पडली असावीत.
पाव मात्र अर्धा शिल्लक होता, फडक्यात नीट बांधलेला.
तो कुणासाठी, हे मी विचारलं नाही.

तेव्हापासून ही पिशवी मी भरते.
लसणीच्या मिठाची पुडी. चरबीचा तुकडा.
ताडपत्री, घडी घालून पाठीशी, म्हणजे टोचणार नाही.
शिट्टी तीच, वणांसकट.
बंदुकीचं त्याचं तो बघतो,
मला तिचा वासही नको.

आज दोन पिशव्या आहेत.
मझिया जातेय बापाबरोबर. एकोणीस वर्षांची,
तिबिलिसीहून शिकून आलेली.
म्हणते, आई, फोनमध्ये बॅटरी आहे, नकाशा आहे.
खिंडीच्या पलीकडे फोन म्हणजे
नदीतला एक गुळगुळीत दगड, हे तिला
कोण सांगणार, तिथं गेल्यावर दगडच सांगेल.

मध्यरात्री उठले.
तिची पिशवी उघडली, हलक्या हातानं,
कुत्रीनं एक कान उचलला.
मोजे होते. दोन जोड.
शिट्टी, नवी, दोऱ्यात ओवलेली.
ताडपत्रीची घडी वाकडी.
तळाशी काचेची बाटली, मुरंब्याची,
तिच्यात काड्या.
गुलांवर मेण जाड, ओघळलेलं,
कुणीतरी मोठ्या बोटांनी, घाईत, बहुधा गोठ्यात बसून केलेलं.

पलीकडे तो घोरत होता.
फार नियमित घोरत होता.

मी काड्या ओंजळीत ओतल्या आणि मोजल्या.
त्रेचाळीस.
परत मोजल्या.
तेवढ्याच.